केस उन्हातही पांढरे होतात

स्वारगेट आगारातून साताऱ्याकडे, सांगलीकडे एसटी नेणाऱ्या चालकाला केवळ त्याच्या चांगुलपणावर विसंबून कोणी गाडी देत नाही. अवजड वाहनाचा परवाना लागतो, बिल्ला लागतो, डोळे तपासले जातात, चाचणी होते. तिकीट देणाऱ्या वाहकालाही परवाना आणि बिल्ला चुकत नाही. ‘माझे प्रवाशांवर फार प्रेम आहे, मला स्टिअरिंगवर बसू द्या,’ असे म्हणत कोणी आगार व्यवस्थापकाच्या खोलीत शिरलाच, तर त्याला चहा पाजून बाहेर काढतील. चहाही बहुधा पाजणार नाहीत.

त्याच स्वारगेटहून दांडेकर पुलाकडे किंवा पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीकडे चालत निघा. रविवारी सकाळी एखाद्या समाजमंदिरात तीस-चाळीस मुलेमुली बसलेली असतात आणि त्यांच्यासमोर एक सज्जन उभा असतो. त्याच्याकडे मोकळा वेळ आहे, स्वच्छ मन आहे आणि बिस्किटांच्या पुड्यांनी भरलेली पिशवी आहे. त्याला कोणी काही विचारलेले नाही. तेरा ते अठरा या वयातल्या मुलांशी कसे बोलतात, काय बोलू नये, एखादीने रडत काही सांगितले तर पुढे काय करायचे, यांतले काहीही त्याला कोणी शिकवलेले नाही. तरी त्या तीस-चाळीस जणांचे स्टिअरिंग आपण त्याच्या हाती दिलेले आहे.

तो सज्जन काही वर्षे मी होतो, म्हणून त्याच्याविषयी कठोर बोलायचा मला अधिकार आहे. नववीतला एक मुलगा दोन रविवार आला नव्हता. तिसऱ्या रविवारी आला तेव्हा मी सगळ्यांदेखत हसत विचारले, “काय साहेब, झाली का आमची आठवण?” सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर तो कधीच आला नाही. पुढे दोन महिन्यांनी कळले, वडिलांचे काम सुटले होते आणि हा पोरगा पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोती उतरवायला जात होता. माझ्या मनात वाईट काही नव्हते. नेमके हेच मला आज सांगायचे आहे. मनात वाईट काही नसताना, सेवा करण्याच्या भरात, मी एका मुलाचे यायचे एकमेव ठिकाण बंद केले.

अंधश्रद्धा म्हटली की आपल्याला दाराला टांगलेली लिंबू-मिरची आठवते. ती निदान दिसते तरी. ज्या समजुती सुशिक्षितांच्या घरात सोफ्यावर बसतात, त्यांना आपण अंधश्रद्धा म्हणतच नाही. वय वाढले की शहाणपण आपोआप येते, ही त्यांतली एक. सेवेला शिक्षण लागत नाही, ती मनापासून केली की झाले, ही दुसरी. पहिलीचे ब्रीदवाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे: माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत. मे महिन्यात जेधे चौकात अर्धा तास रिक्षाची वाट पाहिलेल्या माणसाला मात्र शंका येते, की काहींचे उन्हातच झाले असावेत. अनुभवाने माणूस शिकतो हे खरे, पण अनुभव तपासून पाहिला तर. नाहीतर तीस वर्षांचा अनुभव म्हणजे एकच चूक तीस वर्षे.

चांगल्या मनाने केलेल्या अर्धवट कामाने फार तर फायदा होणार नाही, नुकसान कसले व्हायचे, असे कोणी म्हणेल. नुकसान होते, आणि ते मोजलेले आहे. अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही जुनी संस्था एकेका मुलाला एकेक प्रौढ स्वयंसेवक जोडून देते. १० ते १६ वयोगटातल्या ९५९ मुलांचा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना असा सोबती मिळाला, त्यांच्यात अमली पदार्थांची सुरुवात करण्याचे प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी निघाले. हा आकडा स्वयंसेवकांच्या सभेत टाळ्या घेतो. सभेत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की याच माहितीचा पुन्हा बारकाईने अभ्यास झाला आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या नात्यांचा लाभ सर्वांत मोठा होता. जी नाती तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांची स्वतःविषयीची किंमत आधीपेक्षा खाली गेली. म्हणजे कोणी आलाच नसता तर बरे झाले असते. जूनमध्ये उत्साहाने वस्तीत येऊन गणपतीनंतर न दिसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा निष्कर्ष वाचून क्षणभर गप्प बसायला हरकत नाही.

‘हे परदेशी खूळ आहे, आपल्या संस्कृतीत याची गरज नाही,’ हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो घेणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा परदेशी मोबाइल असतो. पण उत्तर देऊ. स्वारगेटहून अर्ध्या तासाच्या आत पायी गाठता येणाऱ्या गंज पेठेत फुले वाडा आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. आजच्या कायद्याने त्या ‘बालक’ ठरल्या असत्या. त्यांची तळमळ आपण भाषणांतून सांगतो, अंगावर आलेले शेण-दगड सांगतो. त्यांनी अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, हे मात्र घाईघाईने उरकतो. तळमळीची पूजा करता येते. प्रशिक्षणाचे अनुकरण करावे लागते, आणि तिथेच आपली अडचण आहे.

दुसरा दाखला तर आणखी जवळचा. सिंहगड रस्त्यावर, पर्वतीच्या पायथ्याशी साने गुरुजी स्मारक आहे. तिथे राष्ट्र सेवा दलाचे कार्यालय आहे. १९४१ मध्ये पुण्यात एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये यांच्या पुढाकाराने दल उभे राहिले. संध्याकाळची शाखा, खेळ, गाणी, चर्चा, आणि ती शाखा चालवू पाहणाऱ्यांसाठी शिबिरे. दलाच्या कलापथकातून पुढे आलेले निळू फुले तरुणपणी एका महाविद्यालयात माळीकाम करत. राम नगरकर नाभिक घरातले. या तरुणांना ‘तुमच्यात काय कमी आहे’ याची यादी कोणी वाचून दाखवली नाही. तुला काय येते, असे विचारले आणि ते जिथे दाखवता येईल असे व्यासपीठ दिले. आज जगभर ‘सकारात्मक युवाविकास’ या नावाने जे मांडले जाते, त्याचा गाभा हाच आहे: तरुण मूल म्हणजे दुरुस्त करायची अडचण नव्हे, त्याच्यापाशी काही आहे असे धरून चालायचे आणि ते वापरायची खरी संधी, खरी जबाबदारी आणि एक विश्वासू मोठे माणूस त्याला मिळवून द्यायचे. सेवा दलाच्या शाखा आता पूर्वीसारख्या भरत नाहीत, आणि ‘आमच्या वेळची शाखा’ म्हणून गळा काढणे हीसुद्धा एक भाबडी भक्तीच. दल आठवायचे ते त्याच्या पद्धतीसाठी.

इथे एक हुशार वाचक मला अडवणार. साने गुरुजींनी कोणते प्रशिक्षण घेतले होते? अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांची काळजी आईसारखी घेत, मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढत. ते काय शिबिरात शिकले? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की साने गुरुजी अपवाद होते आणि अपवादावर संस्था उभी राहत नाही. सुरेल गळा उपजत असलेला एखादा निघतो म्हणून आपण गायनाचे वर्ग बंद करत नाही. शिवाय तुमच्या मंडळाचे, सोसायटीचे, संस्थेचे जे पंधरा स्वयंसेवक आहेत, त्यांच्याकडे एकदा नीट पाहा आणि त्यांतले साने गुरुजी किती ते मला खासगीत सांगा.

आपल्या भाषेतच थोडे अडकलेले आहे. मुलांना आपण ‘घडवतो’, त्यांच्यावर ‘संस्कार करतो’, त्यांना ‘वळण लावतो’. या सगळ्या क्रियापदांचा कर्ता मोठा माणूस आणि कर्म नेहमी ते मूल. मडके घडवतात, लोखंड वळवतात. माणसाच्या बाबतीत हे शब्द वापरताना आपण एक गोष्ट आधीच ठरवून टाकलेली असते, की त्याला स्वतःचे असे काही म्हणणे नाही. म्हणून तर आपल्याकडच्या ‘युवा मार्गदर्शन शिबिरा’त युवा खाली बसतो आणि मार्गदर्शक दोन तास बोलतो. शेवटी ‘काही प्रश्न?’ असे घड्याळ पाहत विचारले जाते आणि मग आभारप्रदर्शन होते.

आता एक अप्रिय सत्य. याच पुण्यात मुलांना वेळ देणारी मोठी माणसे भरपूर आहेत. फक्त ती आपल्याला हवी तशी नाहीत. चौकातला ‘भाऊ’ मुलाला नावाने ओळखतो. रात्री एक वाजता फोन केला तर उचलतो. पोलीस चौकीत सोडवायला येतो, वाढदिवसाला फ्लेक्सवर फोटो टाकतो, हातात दोनशे रुपये ठेवतो. नंतर तोच हात केव्हातरी कोयत्यासाठी मागतो. २०२२-२३ पासून पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ हा शब्द रुळला आणि त्यातल्या कित्येक आरोपींचे वय वाचून मध्यमवर्ग हादरला. हादरून त्याने काय मागितले? जास्त पोलीस, जास्त कॅमेरे, वस्तीतून धिंड. तो भाऊ जे देत होता ते दुसरे कोणी का देत नव्हते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. भाऊ वेळेवर येतो. आपला स्वयंसेवक परीक्षेच्या आधी, पावसात आणि लग्नसराईत येत नाही.

गणेशमंडळे आणि ढोलपथके यांना या भाऊच्या रांगेत बसवणे अन्याय होईल. तिथे मुलांना काम मिळते, ताल मिळतो, मित्र मिळतात. कित्येक मंडळांचे कार्यकर्ते आडवेळी रक्तापासून पैशापर्यंत मदत उभी करतात. स्वयंसेवकांचे एवढे दाट जाळे असलेली शहरे थोडी असतील. पण उत्साहाला शहाणपणाची जोड आपोआप मिळत नाही याचा पुरावाही इथेच आहे. दहीहंडीच्या थरांत चौदा वर्षांखालचे मूल चढवणार नाही, ही गोष्ट २०१७ मध्ये राज्य सरकारला मुंबई उच्च न्यायालयात सांगावी लागली. लहान मुलाला उंचावर उभे करून खाली आपण टाळ्या वाजवू नयेत, एवढे कळायला आपल्याला न्यायालय लागले. त्या मुलांवर कार्यकर्त्यांचे प्रेम नव्हते, असे म्हणायची माझी तयारी नाही. प्रेम होतेच.

हा सगळा दोष गरीब वस्त्यांचा, असे वाटून कोणी सुस्कारा टाकला असेल तर त्याने १९ मे २०२४ ची पहाट आठवावी. कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले आणि देशभर संताप उसळला. निबंधावर विनोद झाले. पण त्या मुलाभोवतीची मोठी माणसे मोजा. पुढच्या काही दिवसांत वडील, आई, आजोबा, मद्यालयांशी संबंधित माणसे आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी रुग्णालयातले डॉक्टर अटकेत गेले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. मला दिसते ते एवढेच, की इतक्या प्रौढांच्या गराड्यात ‘चूक झाली आहे, आता तिला सामोरा जा, मी तुझ्याबरोबर उभा आहे’ असे सांगणारा एकही त्या मुलाला लाभल्याचे दिसले नाही. मुलाभोवती मोठी माणसे असणे वेगळे आणि मुलाला मोठ्या माणसाचा आधार असणे वेगळे.

मग स्वयंसेवकाला शिकवायचे तरी काय? सर्वांत आधी ऐकायला. अशा एका प्रशिक्षणात जोड्या पाडून एक साधा पाठ घेतला जातो: समोरचा पाच मिनिटे बोलेल, तुम्ही सल्ला द्यायचा नाही, स्वतःची आठवण सांगायची नाही, मध्ये तोंड उघडायचे नाही. मी ज्या खोलीत होतो तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक काका दीड मिनिटात ‘अरे, सोपं आहे’ म्हणाले. पुन्हा केले, दोन मिनिटे टिकले. हसण्यासारखेच दृश्य, पण माझा क्रमांक त्यांच्यानंतर होता आणि मी फार पुढे गेलो नाही. साठ वर्षांत आम्हाला कोणी गप्प बसायला शिकवलेच नव्हते. लहानपणी गप्प बसवले होते, आणि ते वेगळे.

दुसरे म्हणजे पहिला प्रश्न कोणता विचारायचा. आपला पहिला प्रश्न ठरलेला: नाव काय? मूल नाव सांगते. ‘पूर्ण नाव सांग.’ आडनाव कळेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही, आणि कळल्यावर आपला चेहरा जो किंचित बदलतो तो आपल्याला दिसत नाही, मुलाला दिसतो. जात न मानणाऱ्या घरातल्या माणसांचाही बदलतो. प्रशिक्षणात हे तोंडावर सांगावे लागते, आणि सांगितल्यावर दोघे-तिघे दुखावून चहाच्या सुट्टीत निघून जातात. जाऊ द्यावेत.

तिसरी गोष्ट गुपिताची, आणि तिथे चूक परवडत नाही. ‘कुणाला सांगणार नाही असे वचन द्या, मग सांगते,’ असे मुलगी म्हणते आणि भला माणूस भारावून वचन देतो. ते वचन देण्याचा त्याला अधिकारच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. वचन मोडले तर मुलीचा विश्वास जातो, पाळले तर अत्याचार चालू राहतो. शिकलेला स्वयंसेवक सुरुवातीलाच सांगतो: तुझे म्हणणे मी चावडीवर नेणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मदत आणावीच लागेल, आणि आणण्याआधी तुला सांगेन. तीन वाक्ये. ती प्रसंग आल्यावर सुचत नाहीत, आधी घोकून ठेवावी लागतात. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही तसाच.

बंद खोलीत एकट्याने मुलाला भेटू नये, पैशांचे व्यवहार करू नयेत, रात्री खासगी संदेश पाठवू नयेत, हे नियम सांगितले की सज्जनांना अपमान वाटतो. ‘आमच्या चारित्र्यावर संशय?’ याचे उत्तर मला आपल्याच घरात सापडते. भाडेकरू ठेवताना आपण पोलिसांकडे त्याची माहिती देतो. कामवाल्या बाईंचे आधार कार्ड मागतो. शंभर चौरस फुटांच्या खोलीसाठी जी चौकशी आपण शहाणपणा म्हणून करतो, ती चाळीस मुलांसाठी केली की अपमान कसा होतो? मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस नेमका अशाच जागा शोधत येतो, जिथे कोणी काही विचारत नाही.

आणि निरोप. काम सुटणार, बदली होणार, घरी आजारपण येणार, स्वयंसेवक जाणारच. पण महिनाभर आधी सांगून, दुसऱ्याच्या हाती सूत्रे देऊन, मुलांना रागवायची आणि रडायची संधी देऊन जाणे वेगळे. ज्या मुलाच्या आयुष्यात मोठी माणसे न सांगता निघून गेलेली आहेत, त्याला सांगून जाणारा एक माणूस भेटणे हीच मोठी गोष्ट.

एवढे सगळे मागितले तर स्वयंसेवक येणारच नाहीत, ही भीती संस्थाचालकांची. काही येणार नाहीत. छायाचित्रापुरते येणारे तर नक्कीच येणार नाहीत. पण तीन रविवार शिकायला द्यायची ज्याची तयारी नाही, तो वर्षभराचे बावन्न रविवार देईल हा हिशेब कोणत्या गणितात बसतो? आरटीओत पक्का परवाना मागण्याआधी आपण शिकाऊ परवान्यावर महिनाभर तरी काढतो आणि गाडीला लाल ‘एल’ लावताना कोणाची मान खाली जात नाही. मंडळांकडे जागा आहेत, महापालिकेच्या शाळा रविवारी रिकाम्या असतात. नव्या माणसाने तीन महिने जुन्याच्या सोबतीने काम करावे, महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून ‘या महिन्यात माझे काय चुकले’ एवढेच बोलावे. याला निधी लागत नाही. थोडा कमीपणा घ्यावा लागतो.

‘आम्हाला कोणी असले काही दिले नाही, तरी आम्ही वाढलोच की,’ हा शेवटचा आक्षेप प्रामाणिक असतो, म्हणून तो अधिक घातक. असे म्हणणारा वाढलेला असतो हे उघडच आहे. ज्यांचे वाढणे मध्येच राहिले, ते सभेला येऊन हात वर करत नाहीत.

स्वारगेटला आता भुयारी मेट्रोही येते. एसटीतून उतरून, पाठीला सॅक लावून, एमपीएससीच्या अभ्यासिकेचा पत्ता विचारणारी मुले तिथे रोज दिसतात. टपरीवर ग्लास विसळणारी त्यांच्याच वयाची मुले त्यांना रस्ता दाखवतात. त्यांच्याकडे पाहताना मला ३०० शब्दांच्या त्या निबंधाऐवजी दुसराच एक निबंध आठवतो. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या जेमतेम चौदा वर्षांच्या मुलीने तो मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिला आणि ‘ज्ञानोदय’ने १८५५ मध्ये छापला. धर्माला आणि पेशवाईला जाब विचारणारे ते लेखन एका शाळकरी मुलीचे आहे, म्हणून कोणी सौम्य करून ठेवले नाही. तिच्याविषयी आणखी एक आठवण सांगितली जाते. बक्षीस म्हणून कोणी साहेब खाऊ देऊ लागला तेव्हा ती म्हणाली, खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या.

ती असे म्हणू शकली, कारण आपण मागितले तर समोरचा ऐकून घेईल याची तिला तोवर सवय झालेली होती.